फटफटी मान का हलवते?

जुनी मोटारसायकल विकत घ्यावयास निघालेले गृहस्थ काय काय पाहतात, हे एकदा बाजूला उभे राहून न्याहाळण्यासारखे असते. प्रथम ते पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवतात. मग वाकून इंजिनाचा नंबर वाचतात, क्रोमची झिलई कोठे उडाली आहे का ते बघतात, आणि अखेर किक मारून, डोळे अर्धवट मिटून, गाणे ऐकावे तसा तो आवाज ऐकत राहतात. आवाज मनास आला की सौदा पटलाच म्हणून समजावे! पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहणारे गिऱ्हाईक मात्र विरळा. घोड्याच्या बाजारात दात न पाहता नुसती शेपटी पाहून पैसे मोजावेत, त्यातलाच हा प्रकार. इंजिन सांगते ते एवढेच की, गाडी किती पळेल. ती सरळ पळेल की नाही, वळणावर ऐकेल की नाही आणि खड्ड्यातून गेल्यावर पुन्हा ताळ्यावर येईल की नाही, हे ठरवतो तो तिचा पुढचा चिमटा.

‘चिमटा’ हा आपल्या सायकलच्या दुकानातला शब्द. मोटारसायकलचे मिस्त्री त्यालाच फोर्क म्हणतात. चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचे आणि हँडलाबरोबर फिरायचे, एवढेच त्याचे काम वरवर दिसते. पण हा चिमटा किती कललेला आहे आणि त्याने चाक किती पुढे धरले आहे, ह्यात दोन-चार बोटांचा फरक पडला तर तीच गाडी एकाला गरीब गाय वाटते आणि दुसऱ्याला लाथाळ खेचर.

पूर्वी घरात असलेली, वडिलांनी किंवा आजोबांनी वापरलेली फटफटी कोठीतून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. हौस चांगली आहे. रंग होतो, इंजिन उघडून नवे पिस्टन पडतात, सीटला नवे कापड चढते. मुलगा पहिल्याच रविवारी गाडी घेऊन निघतो. ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत सगळे छान चालते. साठाच्या आसपास एखाद्या सांध्यावरून चाक जाते आणि हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागते. तो घाबरून मूठ अधिकच आवळतो, आणि थरथर थांबण्याऐवजी वाढते. गाडी ‘मान हलवते’ म्हणतात ते हेच. अनेकदा ती आपोआप शांत होते. एखाद्या वेळी होत नाही, आणि मग रंगाची व सीटची चर्चा करावयास कोणी उरेल की नाही ही शंकाच असते. म्हणून ज्यांच्या घरात अशी गाडी आहे, त्यांनी — चालवणाऱ्यांनी आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांनीही — हे प्रकरण थोडे समजून घेतलेले बरे.

ह्या दुखण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एकात फक्त हँडल आणि पुढचे चाक वेगाने थरथरते; सेकंदाला सात-आठ वेळा. दुसऱ्यात सगळी गाडीच सापासारखी नागमोडी जाते. सेकंदाला दोन-तीन हेलकावे, आणि मागचा भाग आपल्याला सोडून निघाला आहे असे वाटते. पहिल्याचे मूळ बहुधा पुढे असते, दुसऱ्याचे पुष्कळदा मागे किंवा लादलेल्या ओझ्यात. तापाची नाडी न पाहता सगळ्यांना एकच काढा देणारा वैद्य जसा, तसा थरथर म्हटली की चिमट्याशी खेळू लागणारा मिस्त्री!

आता मूळ मुद्दा. इस्पितळातली ढकलगाडी किंवा चहाची चाकांची टेबले तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या पुढच्या लहान चाकांची गंमत अशी की, टेबल ज्या दिशेला ढकलावे तिकडे ती आपोआप वळतात. कारण चाक ज्या उभ्या दांड्याभोवती फिरते तो दांडा पुढे असतो आणि चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा त्याच्या मागे असते. चाक दांड्याच्या मागोमाग फरफटत येते. टेबल उलटे ढकलले की हीच चाके गरकन फिरून पुन्हा मागे जातात. दोरीने ओढलेले कोकरू जसे ओढणाऱ्याच्या मागेच राहते, तसे.

मोटारसायकलीतही नेमके हेच केलेले असते. ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिला आपण गाडीची मान म्हणू. ही मान मागे कललेली असते. तिच्यातून एक रेषा सरळ खाली जमिनीपर्यंत ओढली, तर ती चाक टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. ह्या दोन जागांमधले अंतर म्हणजे ट्रेल. चाक आपल्या दांड्याच्या किती मागे फरफटत आहे, त्याचे हे माप. ट्रेल भरपूर असला तर गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते, पण वळवताना जड लागते. कमी असला तर हँडल हलके, चपळ. पण वेगात चंचल. फारच कमी किंवा उलटा झाला तर गाडी हाताबाहेर.

येथे एक जुना गैरसमज निघून जावा. सायकलच्या चिमट्याला खाली पुढच्या बाजूस जो वाक असतो, तो धक्के खाण्यासाठी असे पुष्कळांना वाटते. थोडेफार लवचिकपण त्यातून मिळतही असेल, पण त्याचे मुख्य काम निराळे आहे. मान कलल्यामुळे ट्रेल फार वाढतो. चाक थोडे पुढे काढून तो बेताचा करावयाचा असतो. म्हणजे वाक जितका जास्त तितका ट्रेल कमी! हे ऐकून चांगले चांगले सायकलपटू क्षणभर थबकतात.

किती फरक पडतो त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, टायरसह चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर, मानेचा कल उभ्यापासून २७ अंश, आणि चाकाचा आस मानेच्या रेषेपासून ६० मिलिमीटर पुढे आहे. जुन्या मध्यम गाड्यांची मापे साधारण अशीच असतात. ट्रेल येतो सुमारे ९६ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंच. आता आस आणखी २० मिलिमीटर पुढे काढला, तर ट्रेल ७३ वर येतो. आस तेथेच ठेवून मान एका अंशाने उभी केली, तर सुमारे ६ मिलिमीटर कमी होतो. आणि पुढे लहान चाक बसवून त्रिज्या १५ मिलिमीटरने घटवली, तर? नुसते चाक लहान झाले एवढेच नव्हे. गाडीचे नाकही खाली आले आणि मान थोडी उभी झाली. दोन्ही मिळून ट्रेल ८४ च्या आसपास. दिसायला छान म्हणून पुढचे १९ इंची चाक काढून लहान, रुंद चाक बसवणाऱ्या हौशी तरुणाने बारा मिलिमीटर ट्रेल न सांगता उडवलेला असतो, आणि मग तो म्हणतो, “गाडी जुनी झाली, थरथरते.” मागे एक इंच उंच शॉक-अब्सॉर्बर बसवले तरी तेच. दोन चाकांतले अंतर १४०० मिलिमीटर धरले तर मागे एक इंच वर म्हणजे मान एक अंश उभी.

ट्रेलच सगळे काही करतो काय? ह्यावर विद्वानांत बरीच वर्षे वाद आहे, आणि तो मोठा रंजक आहे. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते, असे शाळेत सांगत. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स ह्यांना ते पटेना. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवून दाखवायची, असा उलटा विडा त्यांनी उचलला! पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून त्यांनी भोवऱ्याचा गुण मारून टाकला. सायकल तरीही चालवता आली. मग त्यांनी चिमटा उलटा फिरवून बसवला. त्यामुळे ट्रेल खूप वाढला, आणि माणूस न बसवता ढकलून दिलेली ती रिकामी सायकल आश्चर्य वाटावे इतका वेळ स्वतःच्या तोलाने धावली. शेवटी त्यांनी पुढचे चाक चार इंच आणखी पुढे नेले, तेव्हा कोठे सायकल अशी बिथरली की, चालवणे जिकिरीचे झाले. १९७० साली ‘फिजिक्स टुडे’ मासिकात त्यांनी हे सगळे लिहिले. पण कथा तेथे संपली नाही. २०११ साली डच आणि अमेरिकन संशोधकांनी भोवऱ्याचा गुणही नाही आणि ट्रेलही किंचित उलटा, अशी एक छोटी सायकल बनवली, आणि केवळ वजनाची वाटणी साधून ती स्वतःच्या तोलाने चालवून दाखवली. म्हणजे वजन कोठे आहे ह्यालाही महत्त्व आहेच. तथापि ज्या मोटारसायकलीचे इंजिन आणि टाकी आपण हलवू शकत नाही, तिच्या मालकाच्या हाती राहतो तो ट्रेलच.

गाडी वळवणे म्हणजे काय, हेसुद्धा वाटते तितके सरळ नाही. विमानाचा जनक विल्बर राइट हा मूळचा सायकलवाला. त्याने नोंदवून ठेवले आहे की, डावीकडे वळावयाचे असले तर सायकलस्वार आधी हँडल किंचित उजवीकडे फिरवतो. त्याने तोल डावीकडे जातो आणि मग वळण सुरू होते. आपण सगळे हे करतो, मात्र कोणालाच पत्ता नसतो. हा इवलासा उलटा धक्का हाताला किती जड लागतो आणि गाडी त्याला किती लवकर उत्तर देते, ह्यालाच चालवणारे ‘हँडलिंग’ म्हणतात.

ह्या हँडलिंगची किंमत काय ते आयल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत १९५० साली दिसले. इटालियन गिलेराच्या चार सिलिंडरच्या गाड्यांपुढे नॉर्टनचे एका सिलिंडरचे इंजिन ताकदीत कमी होते. पण बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस ह्यांनी त्या वर्षी नॉर्टनला नवा सांगाडा करून दिला. त्यावर बसून पाहिल्यावर हॅरल्ड डॅनियल हा शर्यतवीर म्हणाला की, ही गाडी पिसांच्या गादीसारखी आहे, आणि ‘फेदरबेड’ हे नाव सांगाड्याला कायमचे चिकटले. जेफ ड्यूकने त्याच सांगाड्याच्या नॉर्टनवर त्या वर्षीची सीनियर शर्यत जिंकली. इंजिन कमी, पण वळणावर विश्वास जास्त.

परंतु घरगुती वाचकांना शर्यतीपेक्षा साइडकारची गोष्ट अधिक जवळची वाटेल. मोटारी परवडत नव्हत्या तेव्हा युरोपात काय किंवा आपल्याकडे काय, दुचाकीला बाजूची गाडी जोडून नवरा, बायको आणि मुले असा सगळा संसार एकाच इंजिनावर फिरत असे. आपल्या शहरांत स्कूटरला साइडकार जोडलेली कुटुंबे पुष्कळांना आठवत असतील. आता साइडकार जोडली की गाडी दुचाकी राहत नाही. ती कलत नाही. तोलाचा प्रश्न मिटतो. पण प्रत्येक वळणाला हँडल बळाने फिरवावे लागते, आणि ट्रेल भरपूर असला तर खांदे भरून येतात. म्हणून साइडकारला ट्रेल कमी हवा आणि एकट्या गाडीला जास्त. एकाच गाडीला दोन्ही कामे करावयाची असतील तर?

ह्याचे सर्वांत सुबक उत्तर जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कारखान्याने दिले. ह्याच कारखान्याने १९३५ साली आपल्या आर-१२ गाडीला तेलाने धक्के जिरवणारा, नळीत नळी सरकणारा चिमटा बसवला होता. आज बहुतेक मोटारसायकलींना असतो तसा. असे असून १९५५ साली आर-५० आणि आर-६९ ह्या नव्या गाड्या काढताना त्यांनी तो चक्क सोडून दिला आणि अर्नी अर्ल्स ह्या इंग्रज गृहस्थाचा चिमटा घेतला. अर्ल्सच्या चिमट्यात चाकाच्या मागे एक बिजागरी असते. तिच्यातून दोन भुजा पुढे येऊन चाक धरतात, आणि चाक वर-खाली होते ते ह्या बिजागरीवर. मागच्या चाकाची भुजा असते तशीच, फक्त उलट्या तोंडाची.

बी.एम.डब्ल्यू.च्या शहाणपणाची जागा ही बिजागरीच होय. तिच्यासाठी चिमट्याला दोन छिद्रे ठेवली होती, एक मागे आणि एक थोडे पुढे. एकट्या गाडीसाठी बिजागरी मागच्या छिद्रात. साइडकार जोडताना बोल्ट काढून ती पुढच्या छिद्रात घालायची. त्याबरोबर सबंध भुजा आणि चाक पुढे सरकते, ट्रेल कमी होतो आणि हँडल हलके होते. कापाकापी नाही, जोडकाम नाही. शिवाय साइडकारसाठी कडक स्प्रिंगा आणि मागे वेगळ्या प्रमाणाचे दाते मिळत, ते निराळेच.

आता पुढचा भाग. काळ बदलला, मोटारी स्वस्त झाल्या, साइडकार काढून कोठारात टाकल्या गेल्या. गाडी एकटी विकली गेली, तिसऱ्या-चौथ्या हातात गेली. साइडकार गेली, पण बिजागरी पुढच्या छिद्रात तशीच राहिली! नव्या मालकाला ठाऊकच नाही की, येथे दोन छिद्रे असतात. तो बिचारा टायर बदलतो, छर्रे बदलतो, चाकाचा आउट काढून घेतो, आणि गाडी वेगात चंचल ती चंचलच. जगभरच्या जुन्या बी.एम.डब्ल्यू.वाल्यांत म्हणूनच हा पहिला प्रश्न असतो : बिजागरी कोणत्या छिद्रात आहे ते पाहिलेस का? एका बोल्टाचे स्थान आणि संसारातून केव्हाच निघून गेलेल्या साइडकारची ही आठवण!

अर्ल्सच्या चिमट्याचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. नळीच्या चिमट्याची गाडी पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली घालते; मान उभी होते आणि नेमक्या संकटाच्या वेळी ट्रेल घटतो. अर्ल्सच्या चिमट्यात असे होत नाही. उलट पुढचा भाग किंचित वर उचलला जातो. मग बी.एम.डब्ल्यू.ने १९६९ साली तो का सोडला? कारण तो जड. हँडलाबरोबर फिरणारे लोखंड जितके जास्त आणि मानेपासून जितके दूर, तितकी गाडी दिशा बदलण्यास आळशी. साइडकारचे दिवस सरले, आणि वळणावर चपळ गाडी हवी असणाऱ्यांचा काळ आला.

हे सारे परक्या मुलखातले झाले असे समजू नका. अर्ल्सच्या जातीचा चिमटा आपल्या खेडोपाडी वर्षानुवर्षे दुधाच्या किटल्या वाहत होता. एस्कॉर्ट्स कंपनीची १९६२ पासूनची राजदूत १७५ ही पोलंडच्या एस.एच.एल. गाडीवरून बेतलेली होती, आणि पुढच्या चाकामागे बिजागरी असलेला तो धट्टाकट्टा चिमटा तिच्याबरोबर आला. राजदूतला दोन छिद्रांची सोय नव्हती. पण बिजागरीतले बुश झिजले की तिचे चाक आडवे हलू लागे, आणि पुष्कळांनी ‘राजदूतची जातच तशी’ म्हणून ते आयुष्यभर सोसले. मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, पुढचे चाक हलके. नागमोडी चालायला आणखी काय हवे?

बुलेटची गोष्ट निराळी. एन्फील्ड इंडियाची स्थापना १९५५ मध्ये मद्रासला झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून निघालेल्या बुलेटने सगळा देश पाहिला. तिचा चिमटा नळीचा. काही परदेशी गाड्यांत चिमट्याच्या नळ्या वरच्या पकडीतून थोड्या वर सरकवून मान उभी करता येते. दहा मिलिमीटर सरकवल्या तर ट्रेल दोन-तीन मिलिमीटरने हलतो. जुन्या बुलेटच्या नळ्या मात्र वरच्या दिव्याच्या टोपात आट्यांनी बसवलेल्या असतात. तेथे ही सोय नाही, आणि माझ्या मते ते एका परीने बरेच आहे. कारण बुलेट थरथरत असेल तर दहापैकी नऊ वेळा दोष मापांत नसतो, झिजेत असतो.

तेव्हा मापे बदलण्याआधी पुढील चौकशी करावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा. चिमट्याची खालची टोके धरून मागे-पुढे ओढा. मानेत खुट् आवाज झाला तर बॉल रेसर सैल आहेत. मग हँडल अलगद एका बाजूला ढकला; ते स्वतःच्या वजनाने खाली गेले पाहिजे. मधोमध येताच ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडले आहेत. नट पिळून उपयोग नाही, जोड बदलावी. अडकणारे हँडल हे सैल हँडलापेक्षा कमी धोक्याचे नाही. तोल सावरण्याच्या त्या बारीक हालचाली त्याला करताच येत नाहीत. नंतर चाक फिरवून आउट पाहा, तारा वाजवून पाहा, मागची भुजा आडवी हलते का पाहा. चेन ताणताना मागचे चाक तिरके बसवलेले असते हे तर घरोघरचे दुखणे. एक लांब सुतळी मागच्या टायरला चिकटवून पुढे नेली की समजते. टायरची हवा मी शेवटी सांगतो आहे, पण पाहायची ती सर्वांत आधी.

जुन्या गाड्यांच्या हँडलच्या मधोमध एक गोल काळी मूठ असते, तिच्याविषयी दोन शब्द. ती शोभेची वस्तू नव्हे. ती पिळली की आतल्या चकत्या घासतात आणि हँडलची थरथर दबते. साइडकारवाल्यांना ती फार उपयोगाची होती. पण ती कायमची आवळून ठेवणे म्हणजे ताप उतरावा म्हणून उष्णतामापक फोडणे. आणि हळू वेगात तर आवळलेली मूठ गाडी झोकांड्या खावयास लावते.

एवढे करूनही गाडी बिथरत असेल, तर मग ट्रेल मोजावा. ह्याला कारखाना लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, एक सरळ लांब पट्टी आणि खडू पुरेत. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी धरून, नेहमीच्या वजनाच्या माणसाला वर बसवावे. चाकाच्या आसापासून ओळंबा सोडून खूण करावी. मग मानेच्या नळीच्या रेषेत पट्टी धरून ती जेथे जमिनीला टेकेल तेथे दुसरी खूण. दोन खुणांतले अंतर मोजा. मुलांना सुट्टी असेल तेव्हा त्यांच्या सायकलवर आधी हात बसवून घ्या, तीही खूश होतील. आलेले माप गाडीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा. फरक दिसला तर कारण शोधा: चाक बदलले आहे का, मागचे शॉक उंच आहेत का, पुढच्या स्प्रिंगा बसल्या आहेत का, की कोठल्या जुन्या अपघातात मानच मागे रेटली गेली आहे? मूळचे भाग परत बसवले की बहुतेक वेळा ट्रेल घरी परत येतो.

मान कापून नवा कल देणारे कारागीर मिळतात, आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटापासून लांबच लांब, आडव्या चिमट्यांचे वेडही अधूनमधून उसळते. तशा गाड्या सरळ महामार्गावर ऐटीत जातात, आणि गल्लीत वळताना हँडल बाजूला कोसळू पाहते. जुन्या गाडीच्या बाबतीत तर मी ह्याच्या साफ विरुद्ध आहे. कायदाही विरुद्ध आहे. मोटार वाहन कायद्याचे १९८८ सालचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, तिच्या पाटीवर ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपातच जपलेली असावी लागते आणि सांगाड्यात बदल चालत नाही. कारखान्याने स्वतः ठेवलेले दुसरे छिद्र वापरणे वेगळे आणि करवत चालवणे वेगळे.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी भल्या पहाटे, मोकळ्या आणि ओळखीच्या रस्त्यावर, मागे कोणाला न बसवता काढावी. शिरस्त्राण हवेच. प्रथम तीस, मग चाळीस, मग पन्नास. प्रत्येक वेळी थांबून काय जाणवले ते वहीत लिहावे. हात सोडून पाहण्याचा मर्दपणा करू नये. थरथर आलीच, तर ब्रेक करकचून दाबू नये आणि मूठ आवळू नये. अंग थोडे पुढे झुकवून, हँडल नेटके पण सैल धरून, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा. वेग उतरला की ती जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हवा बदलली त्याच दिवशी स्प्रिंगही बदलली, तर गुण कशाचा ते कळावयाचे नाही. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाच्या आसाचा नट, मानेचा नट आणि बिजागरीचे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत. नव्याने बसलेले छर्रे थोडे स्थिरावतात, आणि घट्ट वाटलेली मान तेवढ्यात पाव आटा मागते.